शेवटच्या अंकाचा न्याय

१६६५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात औरंगजेबाच्या दरबारात एका फ्रेंच व्यापाऱ्याला बादशाही रत्ने हातात घेऊन पाहू दिली गेली. झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये हे त्याचे नाव. हिऱ्यांच्या व्यापारात त्याची हयात गेली होती, आणि हिंदुस्थानच्या फेऱ्यांत सुरत बंदरात तो अनेकदा उतरला होता. सुरतेवर शिवाजी महाराजांची पहिली स्वारी होऊन तेव्हा दोन वर्षेही उलटली नव्हती. त्या दिवशी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या हिऱ्याचे वजन ताव्हर्नियेने लिहून ठेवले : तीनशे साडेएकोणीस रती. रती म्हणजे कॅरेटचे सात अष्टमांश, म्हणून हा हिरा २७९ पूर्णांक ९/१६ कॅरेट, असा हिशेबही त्याने युरोपातल्या वाचकांसाठी मांडला. आज कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार केला तर उत्तर तंतोतंत तेच येते. कुठेही काही सुटत नाही, कुठेही काही वाढवावे लागत नाही.

या नेमकेपणाचे कारण त्या अपूर्णांकांच्या छेदांत आहे : २, ८, १६. अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे, या रीतीने केलेले हे तुकडे आहेत. जुन्या कॅरेटचे तुकडे असेच पडत, अगदी चौसष्टाव्या भागापर्यंत. आपल्याकडचा व्यवहारही याच वळणाचा होता. पंतोजींपुढे मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकत, ती सगळी पाव आणि अर्ध्याची कोष्टके. शेराचा आठवा भाग नवटाक, सोळावा छटाक. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. मणाचे चाळीस शेर, तोळ्याचे बारा मासे आणि पैशाच्या तीन पै असे अपवाद होते. पण बाजारात रोज तोंडात येणारा अपूर्णांक बहुधा निम्म्या-निम्म्याचाच असे.

तुकडे सारखे असले तरी नाणी सारखी नव्हती. सुरतेचा रुपया वेगळा, अर्काटचा वेगळा, बंगालचा सिक्का रुपया वेगळा. प्रत्येकाची चांदी आणि झीज निराळी, म्हणून एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफ बट्टा कापून घेई. रक्कम तीच, पण ती कोणत्या नाण्यात मोजली यावर हातात किती पडणार ते ठरे. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला, तेव्हा या बट्ट्याचा पाया ढासळला.

पुढचा मोठा बदल १ एप्रिल १९५७ रोजी झाला. त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सुरत आणि मुंबई तेव्हा एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होत्या. दशमान पद्धत हिशेबाला सोपी होती यात शंका नाही. अडचण होती ती जुने आणे नव्या पैशांत बसवण्याची. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हते. तेव्हा नियम ठरला : अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसा धरायचा. सरकारी तक्त्यात एका आण्याचे ६ नवे पैसे झाले, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५.

हा तक्ता जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. चार आणे एकदम दिले तर २५ नवे पैसे. तेच दोन-दोन आणे करून दोनदा दिले तर १२ आणि १२, मिळून २४. देणाराही तोच, रक्कमही तीच. फरक पडला तो तोडमोड प्रत्येक पायरीवर केली की शेवटी एकदाच केली, एवढ्यामुळे. संगणकावरच्या आकडेमोडीत पुढे ज्या भानगडी झाल्या त्यांतल्या निम्म्याअधिक या एका पैशात सापडतात.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा पहिला संगणक आकार घेत होता. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण गटाने आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले आणि मग पूर्ण आकाराचे यंत्र बांधले. ते फेब्रुवारी १९६० मध्ये सुरू झाले, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होण्याच्या दोन-सव्वादोन महिने आधी. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

टिफ्रॅकचा प्रत्येक आकडा ४० बिटांचा होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक, तिसरे काही नाही. अशा यंत्राला अर्धा, पाव, आणा, चौसष्टाचा पैसा हे सगळे अपूर्णांक अचूक लिहिता येतात : आणा म्हणजे बिंदूनंतर तीन शून्ये आणि एक. पण शंभराचा पैसा लिहायला घेतला की अंक संपतच नाहीत. एकाला तीनने भागताना आपल्या दशांशात जसे ३३३ चालूच राहतात, तसे एक-शतांश द्विमान पद्धतीत अनंतापर्यंत लांबत जाते आणि यंत्राला ते कुठेतरी तोडावे लागते. देशाने अचूक मावणारे अपूर्णांक सोडून न मावणारे स्वीकारले आणि देशाचे पहिले द्विमान यंत्र उभे राहिले, या दोन घटनांत तीन वर्षांचेच अंतर आहे.

व्यापारी जगाने यावर आपला तोडगा काढला होता. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ हा संगणक आला. तो दशमान अंकच एकामागून एक ठेवून हिशेब करी, त्यामुळे पैसा पैसाच राहत असे. शास्त्रज्ञांचा प्रश्न निराळा होता. त्यांना अणूच्या आकारापासून ताऱ्यांच्या अंतरापर्यंतचे आकडे एकाच सूत्रात लागत. टिफ्रॅक ज्या घराण्यातला, त्या प्रिन्स्टनच्या यंत्राच्या आराखड्यात जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये असे मत मांडले होते की दशांशचिन्ह कुठे आहे हे गणित मांडणाऱ्याने स्वतः सांभाळावे. यंत्रावर तो भार टाकू नये. प्रत्येक टप्प्यावर आकडा केवढा होईल याचा आधी अंदाज बांधायचा आणि त्याला साजेशा पटीने तो लहान-मोठा करून घ्यायचा. हे काम कष्टाचे होते आणि त्यात हमखास चुका होत. म्हणून पुढच्या यंत्रांनी फ्लोटिंग पॉइंटची पद्धत उचलली. तिच्यात आकड्याचे दोन भाग पडतात : महत्त्वाचे अंक एका बाजूला आणि बिंदू किती घरे सरकवायचा ते दुसऱ्या बाजूला.

अडचण अशी की हे दोन भाग किती बिटांचे असावेत यावर कोणाचे एकमत नव्हते. १९६४ मध्ये कुलाब्यात टाटा संस्थेतच सीडीसी ३६०० आला. देशभरातले संशोधक त्यावर गणिते करून घेत. त्याचा शब्द ४८ बिटांचा, आणि ऋण संख्या लिहिण्याची रीत अशी की त्यात अधिक शून्य आणि उणे शून्य ही दोन वेगवेगळी शून्ये निघत. कानपूरच्या आयआयटीतला आयबीएम ७०४४ हा ३६ बिटांचा, तर पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीने आलेला मिन्स्क-२ हा ३७ बिटांचा. त्याच दशकात आयबीएमने ३६० ही नवी मालिका काढली, तिने दोनाऐवजी सोळाचा पाया धरला; त्यामुळे लहान मापाच्या आकड्याची अचूकता कधी २४ बिटांची, तर कधी २१ बिटांचीच भरे. क्रे महासंगणकांनी वेगासाठी वजाबाकीत अचूकता राखणारा जादा अंक गाळला. फोरट्रान भाषेतला एकच प्रोग्रॅम या यंत्रांवर चालवला तर शेवटचे काही अंक वेगळे येणार, हे गृहीतच होते. त्याहून वाईट म्हणजे काही यंत्रांवर दोन आकडे वेगळे असूनही त्यांची वजाबाकी शून्य येई. भागाकाराआधी ‘दोन्ही आकडे वेगळे आहेत ना’ असे तपासून घेणारा सावध प्रोग्रॅमही मग शून्याने भागून कोसळे.

१८३५ पूर्वीच्या टांकसाळींसारखीच ही स्थिती होती. प्रत्येक कारखानदाराचे नाणे वेगळे, आणि एका यंत्रावरचे गणित दुसऱ्यावर नेताना द्यावा लागणारा बट्टा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या माथी.

एक नाणे पाडण्याचे काम बर्कलीतले गणिती विल्यम कहान यांनी पुढे रेटले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेल कंपनी आपल्या छोट्या प्रोसेसरला गणिताचा जोडीदार चिप बनवत होती आणि कहान तिचे सल्लागार होते. स्वस्त यंत्रे अशा लाखो लोकांच्या हाती जाणार ज्यांना आकडेमोडीतले खाचखळगे शिकवायला कोणी नसेल, म्हणून त्यांतले गणित महागड्या यंत्रांपेक्षाही काटेकोर हवे, अशी त्यांची भूमिका होती. सर्वांसाठी एकच मानक ठरवायला बसलेल्या समितीत वाद रंगला तो अगदी शून्याजवळच्या आकड्यांवर. फार लहान झालेला आकडा एकदम शून्य करून टाकावा, असे डीईसी कंपनीचा पक्ष म्हणे. कहान यांचा आग्रह असा की त्याचे अंक हळूहळू कमी होऊ द्यावेत, म्हणजे वेगळ्या दोन आकड्यांची वजाबाकी कधीच शून्य होणार नाही. त्यांचे म्हणणे टिकले. इंटेलचा ८०८७ हा चिप १९८० मध्येच बाजारात आला होता. समितीचे आयट्रिपलई ७५४ हे मानक १९८५ मध्ये अधिकृत झाले. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार कहान यांना मिळाला.

या मानकाने दुप्पट मापाच्या आकड्याला ६४ बिट दिले : एक चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अंकांचे. आपल्या दशांशात सांगायचे तर पंधरा-सोळा अंकांची खात्री. पण बिटांच्या या वाटणीपेक्षा त्यातला तोडमोडीचा नियम मला मोलाचा वाटतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार किंवा वर्गमूळ यांचे उत्तर असे द्यायचे की जणू गणित पूर्ण अचूक केले आणि मग एकदाच जवळच्या मावणाऱ्या आकड्याकडे वळवले. बरोबर मधोमध पडले तर ज्याचा शेवटचा अंक सम आहे तिकडे जायचे. १९५७ च्या तक्त्याने अर्धा पैसा नेहमी सोडला, म्हणून हिशेब सतत एकाच बाजूला झुकत राहिला. सम अंकाच्या नियमाने हा कल कधी वर, कधी खाली असा विभागला जातो आणि लाखो बेरजांनंतरही तराजू बराचसा सरळ राहतो.

महाराष्ट्रात हे मानक मोठ्या कामाला लागले ते पुण्यात. अमेरिकेने महासंगणकाच्या विक्रीवर घातलेल्या अटी आणि अडवणूक यांतून मार्च १९८८ मध्ये सी-डॅक या संगणक संस्थेची स्थापना झाली, आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. एका प्रचंड प्रोसेसरऐवजी अनेक ट्रान्स्प्युटर जोडून तो बनवला होता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या टी८०० या ट्रान्स्प्युटरमध्ये ७५४ मानकाचे गणित चिपवरच कोरलेले होते. ते मानकाबरहुकूम चालते याची खात्री नुसत्या चाचण्यांवर सोडली नव्हती; ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने त्याची गणिती सिद्धता मांडली गेली आणि त्या कामाला १९९० मध्ये ब्रिटनच्या राणीचा तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. पुण्याच्या यंत्राचा पाया असा पारखून घेतलेला होता.

तरीही एक अडचण उरलीच, आणि ती मानकाच्या कक्षेबाहेरची होती. काम अनेक प्रोसेसरांत वाटले की बेरजेचा क्रम बदलतो. ६४ बिटांच्या आकड्यात दहाचा सोळावा घात एवढी संख्या घ्या आणि तिच्यात १ मिळवा : तिथे शेजारचे दोन आकडे २ च्या अंतरावर असल्याने तो १ हरवतो. पुन्हा १ मिळवा, तोही हरवतो. पण आधी १ आणि १ यांची बेरीज करून २ मिळवले तर ते पोचतात. दोन-दोन आण्यांचा हिशेब इथे वेगळ्या वेषात परत येतो. परमसारख्या यंत्रांवर पुढे हवामानाची प्रारूपे चालवली गेली, तिथे ही बाब क्षुल्लक नव्हती. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपल्या प्रारूपात ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ भरला आणि काही काळाने त्यांचे हवामान पूर्ण निराळ्या वाटेने गेले, हे त्या क्षेत्रातल्या सर्वांना माहीत होते.

परम पूर्ण झाला त्याच वर्षी न मावणाऱ्या दशांशाने माणसांचे बळी घेतले. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकन पॅट्रियट यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक ठार झाले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत पूर्णांक मोजत असे. सेकंद काढण्यासाठी त्या आकड्याला २४ बिटांत तोडलेल्या एक-दशांशाने गुणले जाई. प्रत्येक ठोक्याला सुटणारा अंश नगण्य होता, पण यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. तेवढ्यात साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंदांची झाली, आणि एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. सेकंदाचा सोळावा भाग मोजला असता तर हा तोटा मुळात झालाच नसता.

सुरतेला हा विषय दूरचा नाही. जगातले बहुसंख्य हिरे आज या शहरात पैलू पाडून घेतात. कच्च्या हिऱ्याचे स्कॅनिंग होते, तो कसा कापला तर किती कॅरेट हाती लागेल हे सॉफ्टवेअर सांगते, आणि त्या आकड्यावर विसंबून रत्नकलाकार घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या चाकावर, बसतो. १९०७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मान्य केलेला मेट्रिक कॅरेट २०० मिलिग्रॅमचा. त्याचा शंभरावा भाग सेंट. चौसष्टावा भाग गेला, शंभरावा आला.

वजनाची तोडमोड कशी करायची याचा हिरेव्यापाराने स्वतःचा कडक नियम केला आहे. काटा कॅरेटचा हजारावा भाग दाखवतो. तिसरा अंक ९ असेल तरच वरचा सेंट धरायचा, नाहीतर सोडायचा. ०.२९८ कॅरेटचा खडा २९ सेंटचाच, ०.२९९ चा मात्र ३० सेंटचा. ३० सेंटला दरपत्रकात नवा टप्पा सुरू होतो आणि प्रति कॅरेट भाव चढतो, म्हणून या एका अंकाला खरी किंमत आहे. शाळेतल्या नियमापेक्षा हा नियम कठोर आहे, पण तो खडा काट्यावर ठेवण्याआधीपासून विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखाच माहीत असतो.

आता हाच २९ सेंटचा खडा संगणकात भरा. ०.२९ हा अपूर्णांक द्विमानात न मावणारा. त्याला १०० ने गुणून पूर्ण सेंट काढायला सांगितले, तर ६४ बिटांच्या आकड्यात उत्तर येते २८.९९९९९९९९९९९९९९६. प्रोग्रॅमने बिंदूनंतरचे सरसकट छाटले की खडा २८ सेंटचा झाला. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट पुढेच आहे : ३२ बिटांच्या कमी अचूक आकड्यात हाच गुणाकार केला तर बरोबर २९ येतात, कारण तिथे तोडमोड योगायोगाने वरच्या बाजूला पडते. जास्त बिट घेतले म्हणजे हिशेब आपोआप सुरक्षित झाला, ही समजूत एवढ्या एका खड्यावर खोटी ठरते. यंत्राने इथे मानक मोडलेले नाही. चूक आहे ती न मावणारा अपूर्णांक निवडणाऱ्याची आणि नंतर तो न पाहता छाटणाऱ्याची.

उपाय जुना आणि साधा आहे : सगळ्यात लहान एकक धरायचे आणि पूर्णांकातच हिशेब ठेवायचा. वजन कॅरेटच्या हजाराव्या भागांत, रक्कम पैशांत. पण पूर्णांकालाही भिंत असते. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात पैसे मोजले, तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांवर जागा संपते. आणखी एक पैसा टाकला की बऱ्याच यंत्रांवर रक्कम उणे दिसू लागते. हिऱ्यांच्या बाजारात एवढ्या रकमेचे बिल नवलाचे नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाला, त्याचे कारण याच जातीचे : ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला, तो मावला नाही. ६४ बिटांचा पूर्णांक घेतला तर पैशांचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याच्या हयातीत संपणार नाही. ज्यांना दशांशच हवा त्यांच्यासाठी ७५४ मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत दशमान आकड्यांचीही सोय झाली आहे.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठाम वाटते. शेवटचा अंक कुठेतरी तुटणारच. त्यात अन्याय होतो तो तुटण्यामुळे नव्हे. तोडण्याचा नियम एकालाच ठाऊक असला, किंवा जागोजागी निराळा असला, तर होतो. १८३५ चा रुपया, १९५७ चा तक्ता, १९८५ चे मानक आणि हिरेबाजारातला नवाचा नियम यांनी अचूकतेचे वचन दिले नाही. त्यांनी तोडण्याची जागा आधी सांगितली आणि ती सर्वांना सारखी ठेवली. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या कापड कारखान्यांत मीटरवर मजुरी घेणाऱ्या खानदेशी कामगारापासून हिरेबाजारातल्या दलालापर्यंत प्रत्येकाचे पैसे आज कुठल्यातरी प्रोग्रॅममधून जातात. तो प्रोग्रॅम अपूर्णांक कोठे तोडतो, रोज तोडतो की महिन्याअखेरीस एकदाच, आणि मधोमध पडले तर कोणाच्या बाजूने वळवतो, हे तीन प्रश्न विचारण्याचा त्या प्रत्येकाला हक्क आहे, आणि त्यांची उत्तरे लेखी मिळायला हवीत.